तेउनिसची पंचवीस पौंडी

लोकेशला तोफेतलं काही कळत नव्हतं. त्याला कांद्यातलं कळत होतं. वाखनिंगन या डच गावातल्या विद्यापीठात तो कांद्याच्या साठवणुकीवर संशोधन करायचा. कुठला कांदा किती टिकतो, कुठला किती उंचीवरून पडला की आतून सडायला लागतो, कशाला लवकर कोंब फुटतात, हे तो तासन्‌तास सांगू शकत असे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. त्याची बायको मैत्री आर्नेमच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचे तिला पैसे मिळत, आणि घरी ती तेच काम फुकट करायची.

२००५च्या जानेवारीत दोघांनी वाखनिंगनजवळच्या एका खेड्यात घर भाड्याने घेतलं. शेजारी तेउनिस नावाचे गृहस्थ राहायचे. उंच, लालबुंद चेहऱ्याचे, पायात लाकडी बूट. आयुष्यभर त्यांनी दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली होती आणि आता ते निवृत्त होते. मैत्रीला त्यांचं नाव पहिल्यांदा 'टेनिस' असं ऐकू आलं आणि पुढे कितीही समजावलं तरी ती घरात त्यांना टेनिसकाकाच म्हणत राहिली.

ओळख झाली ती कुंपणावरून.

"कुठले तुम्ही?" तेउनिसनी विचारलं.

"भारतातले," लोकेश म्हणाला. तो तेव्हा नगरपालिकेच्या डच भाषेच्या वर्गाला जात होता आणि मिळेल त्या माणसावर सराव करायचा.

"भारतात कुठे?"

"देवळाली. नाशिकजवळ."

इथे डच माणूस साधारणपणे "अच्छा" म्हणून हवामानाकडे वळतो. तेउनिसच्या हातातलं फावडं मात्र खाली पडलं.

"देवळाली? तोफखान्याची शाळा आहे तीच देवळाली?"

तीच होती. पण लोकेशचे वडील होते पोस्टात. लोकेशचा तोफांशी संबंध एवढाच, की लहानपणी लांब माळावर सराव सुरू झाला की त्यांच्या मांडणीतले पेले किणकिणायचे आणि आई म्हणायची, "झालं यांचं सुरू." हे सगळं डचमध्ये सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते. त्याने असतील ते शब्द गोळा केले आणि म्हणाला, "मला तोफा फक्त आवाजावरून माहीत आहेत."

तेउनिस त्याच्याकडे पाहतच राहिले. "आवाजावरून?"

"हो. फक्त आवाज."

"देवा," तेउनिस हळूच म्हणाले, आणि त्यांनी कुंपणाचं फाटक उघडलं.

मागच्या गोठ्यात, ताडपत्रीखाली, तोफ होती. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश पंचवीस पौंडी. कॅनडाच्या सैन्याने अशाच तोफा घेऊन हा भाग सोडवला होता. तेउनिसना बेल्जियममधल्या एका भंगारवाल्याकडे तिचा गाडा, चाकं आणि समोरची पोलादी ढाल मिळाली होती. नळी नव्हतीच, ती त्यांनी त्याच मापाच्या पाइपातून स्वतः तयार केली होती. मे महिन्यात मुक्तीला साठ वर्षं होणार होती. गावाच्या समारंभात ही तोफ उभी करायची आणि तिच्यातून एकदा काहीतरी उडवायचं, हे तेउनिसचं स्वप्न होतं. अडचण एकच होती. त्यांना जाणकार माणूस मिळत नव्हता.

"आता मिळाला," ते म्हणाले.

लोकेशने त्या संध्याकाळी सगळं मैत्रीला सांगितलं.

"मग सांगून टाक ना सरळ, की मला काही येत नाही."

"सांगितलं. मी म्हटलं, मी कांद्यावर काम करतो. ते म्हणाले, जाणकार माणसं अशीच साधी असतात."

"उद्या परत सांग."

दुसऱ्या दिवशी त्याने परत सांगितलं. तेउनिस हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "समजलं. लष्करी गुपित." तिसऱ्या दिवशी लोकेशने तोफेविषयी वाचायला सुरुवात केली.

खरं तर वाचायची गरज नव्हती, कारण तेउनिस स्वतःच सगळं सांगायचे. फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर ना?" असं विचारायचे आणि लोकेश मान हलवायचा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना एक अशी तोफ हवी होती जी लांबही मारेल आणि गोळा उंच उडवून टेकडीपलीकडेही टाकेल. सरकारकडे पैसे नव्हते. म्हणून सांगण्यात आलं, जुन्या अठरा पौंडीचे गाडे पडलेत, त्यातच नवी नळी बसवा. पंचवीस पौंडांचा गोळा टाकणारा पहिला अवतार तो. मग दुसरा, स्वतःच्या गाड्यावरचा. त्या गाड्याला मागे दोन पाय असावेत की एक, यावर भांडण झालं. दोन पाय असले की तोफ पक्की बसते, पण वळवायला त्रास. शेवटी तोफचींनी एक पाय निवडला आणि खाली एक लोखंडी गोल चकती. तोफ त्या चकतीवर चढवायची, मग एकटा माणूस मागचा पाय उचलून ती हव्या त्या दिशेला फिरवू शकतो.

"मग शत्रूचे रणगाडे आले," तेउनिस म्हणाले. "त्यांना भेदायला जास्त दारू घातली, तर तोफ उडी मारायला लागली. म्हणून तोंडाला भोकांचं टोपडं बसवलं, धक्का कमी करायला. बरोबर ना?"

"बरोबर."

"आणि नळी फार उंच केली की भरलेला गोळा मागे घसरून खाली पडायचा! त्यासाठी तिसऱ्या अवतारात आत एक ओठ काढला. बरोबर ना?"

मैत्री त्या दिवशी चहा घेऊन आली होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आधी रिलीज केलं आणि युजरच्या पायावर पडल्यावर दुरुस्त केलं. आमच्याकडे अजून तसंच चालतं."

तेउनिसना हे लोकेशने भाषांतर करून सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांना ढालीला धरून उभं राहावं लागलं.

प्रश्न होता उडवायचं काय. दारूला परवानगी मिळणार नव्हती. तेउनिसकडे दूध यंत्रांच्या काळातला हवेचा कॉम्प्रेसर होता. हवेच्या जोरावर काहीही उडवता आलं असतं. पण त्या नळीत नीट बसेल असं काय? नळीचा व्यास जवळजवळ अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. टेनिसचा चेंडू लहान पडला. संत्रं फुटलं.

लोकेश नळीत डोकावून बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या गोठ्यात एखादी गोष्ट मनापासून कळली.

"कांदा," तो म्हणाला.

कांदे चाळणीने मापावर निवडले जातात, हे त्याला रोजचं होतं. त्याच्या प्रयोगशाळेत चाचण्या संपलेले मोठे कांदे टाकूनच द्यायचे असत. प्रमुखांना विचारून त्याने पोतंभर आणले. तेउनिसनी एक कांदा उचलला, नळीत घातला, आणि तो अगदी अलगद बसला.

"देवळालीत असंच शिकवतात?" तेउनिसनी आदराने विचारलं.

आता लोकेश "नाही" म्हणाला, पण तेउनिस कॉम्प्रेसर लावायला गेले होते.

पहिल्या चाचणीत कांदा बाहेर आला तो रसाच्या रूपात. हवेचा दाब एकदम बसल्यावर त्याची चटणी झाली आणि ती सगळी समोरच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर गेली. तेउनिसच्या बायकोने, रीटने, त्या चादरी परत धुतल्या आणि एक शब्दही न बोलता तेउनिसच्याच अंगावर टाकल्या. मग लोकेशने जास्त टणक, साठवणुकीची जात निवडली आणि कांद्यामागे प्लायवूडची चकती ठेवली. कांदा अख्खा गेला. पण गोठ्यामागचं रान उताराचं होतं, चाकांना भरपूर ग्रीस होतं, आणि खाली ती लोखंडी चकती नव्हती. तोफ मागे सरकली, सरकत गेली, आणि रांगेत पोहणाऱ्या बदकांच्या मधोमध पाण्याच्या चरात जाऊन बसली.

"म्हणून चकती लागते," तेउनिस गुडघाभर चिखलात उभे राहून म्हणाले. "इंग्रज मूर्ख नव्हते."

चकती मिळाली गावच्या बंद पडलेल्या बालवाडीतून. मुलं गोल गोल फिरतात तो लोखंडी पाळणा तिथे गंजत पडला होता. त्याचे दांडे कापून खालचा भाग तेवढा ठेवला, आणि तोफ त्यावर चढवल्यावर मागचा पायही जमिनीवरून उचलला गेला आणि ती खरंच एका हाताने फिरायला लागली. तोंडाचं टोपडं तेउनिसनी दुधाच्या कॅनला भोकं पाडून केलं. हवेच्या तोफेला त्याची काही गरज नव्हती, पण त्यांच्या मते त्याशिवाय ती उघडी दिसत होती. पहिलं टोपडं कांद्याबरोबर उडून गेलं आणि सापडलंच नाही. दुसरं त्यांनी झाळून पक्कं केलं. नंतर नळी उंच केली, तर कांदा मागे घरंगळत येऊन तेउनिसच्या लाकडी बुटावर आपटला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच ओरडले, "ओठ!" लोकेशने दूध यंत्राचं रबरी कडं आत बसवलं आणि कांदा जागच्या जागी राहिला.

एप्रिल संपेपर्यंत तोफेने आपला सगळा इतिहास पुन्हा एकदा जगून घेतला होता, आणि लोकेश रोज संध्याकाळी सायकल टाकून थेट गोठ्यात जाऊ लागला होता. मैत्रीने जेवायला बोलवायला खिडकीतून घंटी वाजवायची पद्धत सुरू केली.

गावचा पोलीसही एकदा येऊन गेला. त्याने विचारलं, यातून काय उडतं. कांदा, असं ऐकल्यावर त्याने नियम पाहतो म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी येऊन म्हणाला की नियमात कांद्याचा उल्लेख नाही, पण तोंड नदीकडे ठेवा आणि समोर गाय नको.

सगळं छान चाललं होतं. मग तेउनिस एका संध्याकाळी आनंदाने थरथरत आले.

"टॅलबट येतायत! कॅनडाहून! स्वतः तोफखान्यात होते. पंचेचाळीस साली इथेच, या तोफेवर. तू आणि ते मिळून तोफ डागायची. दोन तज्ज्ञ!"

लोकेशला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"खरा तोफची आहे तो," तो मैत्रीला म्हणाला. "पहिल्याच प्रश्नात मला पकडेल. सगळ्या गावासमोर."

"मग आजारी पड."

"तेउनिसना वाईट वाटेल."

"मग आजारी पडून जा तोफेजवळ," मैत्री म्हणाली, "आणि खोकत राहा. बोलावं लागणार नाही."

वाखनिंगनचा मोठा सोहळा पाच तारखेला झाला. त्या गर्दीशी स्पर्धा नको म्हणून गावाने आपला कार्यक्रम दोन दिवसांनी, शनिवारी ठेवला होता. चर्चमागच्या कुरणात झेंडे लावले, बँडवाले आले, चीज आणि पाव मांडले. ठरलं असं होतं की चर्चची घंटा झाली की बँड राष्ट्रगीत वाजवेल, महापौरबाई भाषण करतील, आणि मग तोफ नदीच्या दिशेने कांदा उडवेल. तेउनिसनी आदल्या दिवशी पाळण्याच्या बेअरिंगला शेवटचं म्हणून मूठभर ग्रीस भरलं होतं.

टॅलबट आले. ऐंशी ओलांडलेले, किडकिडीत, छातीवर पदकं, डोक्यावर काळी टोपी. तेउनिसनी दोघांना तोफेच्या ढालीमागे उभं केलं, लोकेशची ओळख "देवळालीचा, आवाजावरून सगळं ओळखतो" अशी करून दिली आणि कॉम्प्रेसरकडे धावत गेले.

टॅलबटांचा चेहरा पांढरा पडला. लोकेश खोकला.

थोडा वेळ दोघांनीही तोफेकडे पाहिलं.

"छान तोफ आहे," टॅलबट इंग्रजीत म्हणाले.

"फारच छान," लोकेश म्हणाला आणि परत खोकला.

"तुम्ही... पुष्कळ वर्षं यात आहात?"

"तसं नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही तर लढलात या तोफेवर."

टॅलबटांनी इकडे तिकडे पाहिलं. बँडवाले आपापली वाद्यं पुसत होते. ते लोकेशच्या कानाशी वाकले.

"हे बघा, तुम्ही जाणकार आहात, तुमच्यापासून काय लपणार. मी लाँड्रीत होतो."

"काय?"

"फिरती लाँड्री. सैन्याची. ट्रकमध्ये मोठी यंत्रं असायची. मी तोफखान्याचे मोजे धुवायचो. मी इथल्या लोकांना 'मी तोफखान्याबरोबर होतो' असं म्हणालो, ते खरंच होतं. त्यांनी पुढचं स्वतःच ठरवलं. दर पाच वर्षांनी बोलावतात, इतकं प्रेमाने खायला घालतात. कसं सांगणार? मी पंचवीस पौंडीला आज पहिल्यांदा हात लावतोय. कृपा करून ओरडू नका."

लोकेशला एवढं हसू फुटलं की खोकल्याचं नाटक करायची गरजच उरली नाही. त्याला खरोखर ठसका लागला. टॅलबट घाबरून त्याच्या पाठीवर चापट्या मारू लागले.

"मी," श्वास मिळाल्यावर लोकेश म्हणाला, "मी कांद्यावर काम करतो."

"कशावर?"

"कांद्यावर. शेतीतल्या. तोफ मी लांबून ऐकलीय, बस."

टॅलबटांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. टोपी डोळ्यांवर घसरली तरी ते हसतच होते. लांबून पाहणाऱ्यांना वाटलं, दोन अनुभवी तोफची जुन्या आठवणी काढतायत. रीटने डोळे पुसले म्हणे.

"मग डागणार कोण?" टॅलबटांनी विचारलं.

"डागता येते मला. हवा सोडायचा हा दट्ट्या ओढला की कांदा जातो. तुम्ही फक्त रुबाबदार उभे राहा."

"तेवढं जमतं. साठ वर्षं तेच करतोय."

लोकेशने कांदा भरला. टॅलबट रुबाबात उभे राहिले, आणि रुबाब पुरता यावा म्हणून त्यांनी तोफेच्या मागच्या पायावर कोपर टेकलं. मूठभर ग्रीस खाल्लेला पाळणा वाटच पाहत होता. तोफ अगदी शांतपणे, कुरकुरही न करता, फिरायला लागली. नदी गेली, झेंडे गेले, बँड गेला. टॅलबट पायाला लटकून तिच्याबरोबर बाजूला चालत निघाले.

"थांबवा!" ते ओरडले.

लोकेशने थांबवायला म्हणून जे हाताला लागलं ते धरलं. तो दट्ट्या होता.

फुस्स!

कांदा निघाला. तो बँडच्या डोक्यावरून गेला, चीजच्या टेबलावरून गेला, सुंदर वळण घेत चर्चच्या मनोऱ्यात घुसला, आणि ठणण्ण करून घंटेवर बसला.

त्या एका ठोक्याने सगळं कुरण उभं राहिलं. घंटा झाली म्हणजे घंटा झाली. बँडमास्तरने घाईघाईने काठी उचलली, राष्ट्रगीत सुरू झालं, पुरुषांनी टोप्या काढल्या. महापौरबाईंच्या तोंडात चीजचा पाव होता. त्या तो न चावता, गाल फुगवून, ताठ उभ्या राहिल्या. गाणं संपल्यावर आजूबाजूच्या कित्येक लोकांनी मनगट वर करून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि आपापली घड्याळं पुढे केली.

मैत्रीने मात्र सगळं पाहिलं होतं. ती टेबलाशी उभी होती आणि कांदा तिच्या वरून गेला होता. ती दुपट्टा तोंडात कोंबून खाली बसली.

तेउनिस धावत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"घंटा!" ते म्हणाले. "एका गोळ्यात! न मोजता! मी तुम्हा दोघांना नदी सांगितली होती आणि तुम्ही घंटा निवडलीत!"

टॅलबटांनी टोपी नीट केली आणि नम्रपणे मान लववली. लोकेशला मात्र ते जमेना. तोपर्यंत त्याचं डच बरंच सुधारलं होतं. त्याने तेउनिसना बाजूला नेलं आणि एकही चूक न करता, शांतपणे सांगितलं: माझे वडील पोस्टात होते, मी आयुष्यात कधी तोफेला हात लावला नव्हता, घंटेला कांदा चुकून लागला, आणि हे मी तुम्हाला जानेवारीपासून सांगायचा प्रयत्न करतोय.

तेउनिसनी ऐकून घेतलं. लाकडी बुटाने गवत उकरलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू तोफेत कांदा घाल म्हणालास तेव्हापासून. तोफेतला खरा माणूस असं काही बोलणारच नाही."

"मग तुम्ही मला रोज 'बरोबर ना' का विचारायचात?"

"अरे, पूर्वी मी हे सगळं रीटला सांगायचो. ती 'नाही' म्हणायची."

 लोकेशला एकाच वेळी लाज वाटली आणि फार बरं वाटलं. मग त्याने विचारलं, पुढच्या खेपेला मागच्या पायाला खिट्टी बसवायची का, म्हणजे तोफ आपोआप फिरणार नाही. तेउनिस म्हणाले, चौथा अवतार. आणि दोघं लगेच तिथेच गवतात बसून, काडीने मातीत, खिट्टी कुठे येईल ते काढू लागले.

टॅलबटांविषयी लोकेशने कुणाला काही सांगितलं नाही. त्यांना त्या संध्याकाळी इतकं चीज वाढण्यात आलं की ते उठून उभे राहू शकत नव्हते.

परत जाताना तोफ घरी ओढायची होती. सकाळी तोफ आणलेला ट्रॅक्टर कुणीतरी आधीच घेऊन गेलं होतं, म्हणून तेउनिस आणि लोकेश दोघं पुढून ओढू लागले, मैत्री मागून ढकलू लागली, आणि टॅलबटांना चालवेना म्हणून गाड्यावर बसवलं. रस्त्याला गाड्या होत्या, म्हणून ते सायकलच्या वाटेवरून निघाले. ऊन उतरलं होतं. मागून येणाऱ्या एका बाईंनी घंटी वाजवली, परत वाजवली, आणि शेवटी सायकलवरून उतरून त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"तोफ," तेउनिस म्हणाले.

"ते दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "मागचा लाल दिवा कुठे आहे? अंधार पडतोय."

तेउनिसनी माफी मागितली. मैत्रीने आपल्या पिशवीतून सायकलचा दिवा काढून टॅलबटांच्या हातात दिला. ते उलटे फिरून बसले, टोपी सरळ केली आणि घर येईपर्यंत तो लाल दिवा छातीशी धरून मागून येणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला सलाम करत राहिले.